तीन हात आणि एक वीत

माझं सालेकशाला हार्डवेअरचं दुकान आहे. मोजायच्या टेपांचं एक खोकं कायम काउंटरवर असतं, आणि कोणी गिऱ्हाईक काडीनं नाहीतर सुतळीनं माप घेऊन आलं की त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मी पाईप कापून देत नाही. "हातानं मोजून घर बांधून राहिला काय बापा?" हे माझं ठरलेलं वाक्य. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी जे करून बसलो ते वाचताना कोणाला वाटू नये, की बिचाऱ्याला टेप मिळाली नसेल.

दुकानाच्या मागं घर. खाली मी, वर माझा मोठा भाऊ. घर आमच्या बाबांनी बांधलं आणि स्लॅब टाकताना त्यात लोखंड इतकं दाबून घातलं, की गवंड्यानं विचारलं होतं, वरून रेल्वे नेऊन राहिले काय? वाटणीत दादाला वरचं घर आणि बोडीकडचं, म्हणजे तळ्याकाठचं, वावर आलं, मला खालचं घर आणि दुकान. वाटणी अगदी गोडीत झाली. त्याचंच वाईट वाटतं. नाहीतर भांडायला एखादं सांगण्यासारखं कारण तरी हाती आलं असतं.

आम्ही भांडलो ते जेवणावरून. दादाच्या पोरीचं लग्न होतं. मी पहाटेपासून मांडवात राबत होतो. पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता, तोसुद्धा मीच बदलला. पंगत बसायच्या आधी कपडे बदलायला खाली आलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. कारण आमच्याकडे पत्रिका दिली, घरी येऊन तोंडानं सांगितलं, म्हणजे बोलावणं झालं असं कोणी मानत नाही. पान वाढायच्या वेळी माणूस पुन्हा दारात यायला पाहिजे, "चला जेवाले" म्हणायला. तो नाही आला तर शहाणा माणूस आपला खुशाल जाऊन जेवतो. मी शहाणा नव्हतो, मी मानाचा होतो. गच्चीवर पंगतीमागून पंगत उठत होती, सगळं गाव माझ्या डोक्यावर बसून वरणभात ओरपत होतं, आणि नवरीचा सख्खा काका खाली इस्त्रीचा शर्ट घालून उपाशी! बायको दोनदा खाली येऊन म्हणाली, "चला ना, वर बोलावून राहिले." मी तिच्यावरच खेकसलो. "तुले बोलावलं, तू जा. मले कोनं बोलावलं?" ती गेली आणि मुकाट्यानं वाढायला लागली.

दादा नंतर चार लोकांत म्हणाला, "घरच्यालेही कोनी बोलावते काय?" ते वाक्य फिरत फिरत दुकानात माझ्यापर्यंत आलं. तेव्हापासून नऊ वर्षं आमचं बोलणं बंद. एकच फाटक, एकच नळ, एकच मीटरची पेटी, आणि दोन भाऊ एकमेकांची फक्त पाठ पाहणारे. पाण्याची पाळी, बाबांचं श्राद्ध, फाटकाचं कुलूप, सगळे निरोप माझी बायको न्यायची आणि वहिनी आणायची. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. तेराव्या दिवसापर्यंत दादा रोज खाली येऊन बसला. तिथंही आम्ही बोललो नाही. तो सतरंजीच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. लोक म्हणाले, दोघंही दुःखानं मुके झाले. लोकांचं काय!

मग काही महिन्यांनी माझी पोरगी पुण्याहून आली. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली म्हणाली. मागच्या खोलीत तिनं टेबल मांडलं, कानाला ते यंत्र लावलं आणि दिवसभर कोणाकोणाशी इंग्रजीत बोलायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण घरात माणसाचा आवाज होता. मला वाटलं, तिला घरच्या भाताची आठवण आली असेल. काय असेल ते असो, मी फार खूश होतो. संध्याकाळी दुकान बंद करून आत आल्यावर दिवा आधीच लागलेला दिसायचा, एवढंही मला पुरत होतं.

पण तिचं नेट मोबाईलचं, आणि आमच्याकडे मोबाईलचं नेट डोंगर बघून चालतं. बोलता बोलता ती पडद्यावर गोठून जायची. शेवटी तिच्या साहेबानं सांगितलं, की सोमवारची मोठी मीटिंग नीट झाली तर ठीक, पुन्हा लाईन तुटली तर सामान बांधून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. तिनं हे जेवताना सहज सांगितलं. ती गेली तर मी या घरात एकटा. साठीला टेकलेला माणूस, कुकरला एक मूठ तांदूळ लावणार आणि भिंतीकडे बघत खाणार. मला ते नको होतं.

गल्लीत तारेचं नेट आलं होतं. पण खांबावरच्या डब्यात एकच जागा शिल्लक होती आणि ती दादानं नेली. माझ्यावर डाव साधायला नेली, असं मी गिऱ्हाइकांना सांगत होतो. खरं तर त्याला नातवाचं तोंड फोनवर बघायचं होतं. नवीन डबा कधी बसेल, हे विचारलं की केबलवाला म्हणायचा, "अगले महिने, सेठ." तो महिना पंचांगात नव्हता. वरचं वायफाय खाली येईना, कारण मध्ये बाबांचं लोखंड. बाहेरच्या भिंतीवरून वायर सोडावी, तर जंगलातून येणारी माकडं. टीव्हीच्या छत्रीची वायर त्यांनी दोनदा झोका खेळून तोडली होती. एकच रस्ता उरला: वरच्या खोलीतून स्लॅबमधून सरळ खाली.

पोरगी वर जाऊन आली. "मोठे बाबा हो म्हणाले," ती म्हणाली. मी खूश. "पण म्हणाले, तुझ्या बापानं येऊन विचारावं."

"मी? मी नाही विचारत."

"बाबा, एक वाक्य आहे."

"एका वाक्यासाठी नऊ वर्षं नाही थांबलो मी!" या बोलण्याला काय अर्थ होता मला अजून कळलेलं नाही, पण आवाज चांगला चढला होता.

"मग मी वरच बसून काम करते. मोठी आई म्हणते, टेबल ठेवायला जागा आहे."

"माझी पोरगी त्याच्या घरात बसणार नाही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काडीनं माप आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो.

दोन दिवस मी ते एक वाक्य दुकानात घोकलं. 'दादा, एक वायर खाली घ्यायची होती.' खिळे तोलताना म्हणून पाहिलं, गोदामात म्हणून पाहिलं. दादा या शब्दापर्यंत सगळं ठीक, पुढं जीभ अडकायची. गुरुवार आला. आणि मग वहिनीनंच वाट काढली. जिन्यात उभी राहून हळूच म्हणाली, "भाऊजी, उद्या हे धान चुराले वावरात जातीन. दिवसभर येत नाही. तेवढ्यात भोक पाडून घ्या. मी वरून वायर त्या नेटच्या डब्बीले लावून देते. मंग कोन पुसते?"

"ती डब्बी आहे कुठं?"

"रस्त्याच्या भिंतीपासून तीन हात आन् एक वीत. जिन्याच्या भिंतीले चिकटूनच. आताच मोजलं मी."

शुक्रवारी सकाळी दादाचा ट्रॅक्टर गेला आणि केबलवाला आला. हातभर लांबीचा बिट लावलेलं ड्रिल मशीन, खांद्यावर वायरीचं वेटोळं, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. "नाप बताओ, सेठ." मी स्टुलावर चढलो आणि भिंतीला कोपर टेकवून छतावर मोजायला लागलो. एक हात, दोन हात, तीन हात, वर एक वीत.

तो म्हणाला, "अरे सेठ, आपकी तो दुकान है. टेप लाओ ना."

मी त्याला समजावून सांगितलं. वहिनीनं हातानं मोजलं, तर मलाही हातानंच मोजावं लागेल; एकानं हातानं आणि एकानं टेपनं मोजलं तर माप जुळेल कसं? हा विचार मला त्या घडीला इतका बिनतोड वाटला की काय सांगू. वहिनी माझ्या खांद्याला लागते. तिचा हात केवढा आणि माझा केवढा, हे लग्नाच्या फोटोपासून सगळ्या जगाला दिसत आलेलं आहे.

मशीन सुरू झालं. सिमेंटची भुकटी माझ्या केसांत, भुवयांत, नाकात. मध्येच बिट लोखंडाला लागून किंचाळला. केबलवाल्यानं दोन बोटं जागा सरकवली. "लोहा बहोत है, सेठ. किसने बनाया?" मी म्हटलं, "बापानं." त्यानं मान हलवून मशीन पुन्हा दाबलं. बिट वर वर जात राहिला आणि एकदम मोकळा झाला.

"आलं काय वहिनी?" मी ओरडलो.

"नाही बा!" वरून आवाज आला. "मी डब्बीपाशी डोळे लावूनच बसली आहो."

केबलवाल्यानं बिट खाली ओढला. भोकातून थोडी भुकटी पडली, थोडी खडी पडली. मग खडी पडतच राहिली. बारीक, पांढरी, सरसर, एका धारेनं. माझ्या डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून फरशीवर. मी ओंजळ धरली आणि वास घेतला. चिन्नोर! बोडीकडच्या आमच्या वावराचा नवा तांदूळ. वाटणीत ते वावर दादाकडे गेल्यापासून तो माझ्या घरात आला नव्हता. वहिनीची पत्र्याची कोठी त्या नेटच्या डब्बीच्या शेजारीच उभी होती आणि मी तिच्या बुडाला खालून छेद दिला होता.

मी अंगठा भोकात खुपसला. धार थांबली. केबलवाला म्हणाला, "रुको सेठ, कुछ ठूंसने को लाता हूं," आणि दुकानाकडे पळाला. वहिनी वर अजून डब्बीपाशीच. "भाऊजी, अजून नाही आलं!" आणि मी स्टुलावर, एक हात छताला, केसांत तांदूळ.

तेवढ्यात फाटक वाजलं. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनचा पट्टा तुटला होता आणि दादा नवा पट्टा न्यायला परत आला होता. पट्टा आता सांगा कुठं मिळतो? माझ्याच दुकानात मिळतो. एरवी तो गडी पाठवायचा. त्या दिवशी सगळे गडी कामात. आणि दुकानात माणूस नाही, म्हणून तो घराच्या दारात आला.

दारात तो उभा राहिला. मला पाहिलं, भोकातला अंगठा पाहिला, फरशीवरचा तांदूळ पाहिला. चार दाणे उचलून दातांखाली चावले. आपलाच माल आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "हे काय होय बे?"

नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी हात काढायला लागलो.

"अंगठा काढू नोको!" तो ओरडला. मी काढला नाही. लहानपणापासूनची सवय.

"तूच म्हटलं होतं ना, बापानं विचारावं म्हणून," मी म्हटलं. "विचारूनच राहिलो होतो."

"हे विचारनं होय? मशीन लावून? मी वावरात गेल्यावर?"

"तुले विचारलं असतं त तू हो म्हटलं असतं काय?"

"मी हो म्हटलंच होतं ना रे गाढवा! पोरीले सांगितलं होतं. तुह्या तोंडून आयकाचं होतं फक्त."

मग सुरू झालं. मागच्या खोलीतून पोरगी धावत आली. ती कॉलवर होती आणि आमचं सगळं बोलणं पुण्याच्या ऑफिसात व्यवस्थित पोचलं होतं, त्या दिवशी मोबाईलचं नेट नेमकं चांगलं होतं. वहिनी जिन्यावरून खाली आली. केबलवाला पोतं घेऊन दारात थबकला. कोणाची लाज वाटायची बाकी राहिली नाही. मी लग्नाचा दिवस काढला. म्हटलं, नळ बदलाले मी चालतो, पान वाढाले नाही चालत? सगळ्या गावाले बोलावणं गेलं, मलेच कोनी आलं नाही!

दादाचा आवाज एकदम उतरला. "नाही आलं? दोनदा त पाठवलं तुह्या बायकोले. मी सोता सांगितलं तिले, पाव्हणे बसले आहेत, मले मांडव सोडता येत नाही, तू जा आन् त्याले घेऊन ये. म्हणावं दादानं बोलावलं. तरी तू आला नाही, म्हून रागात बोललो मी मंग चार लोकांत."

मी म्हटलं, "ती म्हणाली होती, वर बोलावून राहिले."

"मंग? वर कोन राहते?"

तिनं दोनदा सांगितलं होतं. कोण बोलावतंय हे सांगायच्या आधीच मी तिच्यावर ओरडलो होतो. आणि दुसऱ्याच दिवशी मी घरात फर्मान काढलं होतं, की दादाच्या बोलावण्याची गोष्ट पुन्हा कोणी माझ्यापुढं काढायची नाही. तिनं काढली नाही. सात वर्षं ती या जिन्यावरून आमच्या दोघांचे निरोप नेत राहिली, आणि एक निरोप मी घेतला नाही म्हणून तो तसाच घेऊन गेली. मी तिच्याशी फार वाईट वागलो. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात नव्हता. एक छतात अडकलेला, दुसऱ्यानं तोल सावरायला भिंत धरलेली. दादा पुढं आला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, सिमेंटसकट. मग म्हणाला, "चाल, आता इचार."

"दादा, एक वायर खाली घ्यायची होती," मी म्हटलं.

"घे ना. कोन नाही म्हन्ते?"

कोठी बाजूला सरकवली, तिच्या बुडाला पत्र्याचा तुकडा बसवला. केबलवाला खालून वायर ढकलायला लागला आणि वर दादा जमिनीवर पालथा पडून ती ओढायला लागला. "सोड! सोड म्हन्तो ना! हां, थांब!" असं सबंध घर दणाणून सोडत त्यानं ती वायर वर घेतली. सांडलेला चिन्नोर मी निवडून परत द्यायला निघालो, तर वहिनी म्हणाली, "राहू द्या, शिजवा." खडे फार निघाले, पण शिजवला.

सोमवारची मीटिंग अशी झाली, की पोरगी एकदाही गोठली नाही. मी तीन तास दुकानात कोणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही. तिचा साहेब खूश झाला. त्यानं म्हणे मीटिंग संपताना विचारलं, तुझ्या वडिलांचा अंगठा कसा आहे?

त्या दिवसापासून दादा रोज सकाळी खाली यायला लागला. वायर बघायला येतो, असं म्हणायचा. वायरीत बघण्यासारखं काय असतं? पण तो छताकडे बघायचा, "बराबर आहे," म्हणायचा आणि दुकानातल्या बाकावर बसायचा. मग आम्ही भांडायचो. भोक दोन बोटं अलीकडे पाहिजे होतं यावरून, बाबांना चहा किती गोड लागायचा यावरून, बोडीत पूर्वी कोणते मासे होते यावरून. गिऱ्हाईक उभं राहायचं आणि आमचं संपायचं नाही. नऊ वर्षांचं साचलेलं होतं. दुपारी वहिनी वरून भाजीची वाटी पाठवायची, मी ती रिकामी न्यायला वर जायचो, तर तिथं भांडणाचा पुढचा भाग सुरू.

असा पंधरवडा गेला. एका सकाळी मी दादाशी वाद घालून, जिंकून, मजेत आत आलो. पोरगी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी रविवारी पुण्याला जाऊन राहिली."

"काऊन? साहेब पुन्हा काही बोलला काय?"

"नाही."

"मग वायर ढिली झाली काय? मी आताच बोलावतो त्याला."

"वायर एकदम चांगली आहे, बाबा." तिनं हातातली घडी खाली ठेवली. "मी नेटसाठी थोडीच आली होती इथं? नेट तर पुण्यातच चांगलं होतं. आई गेल्यावर तुम्ही फोनवर नुसते हं, हं म्हणायचे. जेवले काय, हं. झोपले काय, हं. अख्ख्या दिवसात कोणाशी बोलत नव्हते तुम्ही. म्हणून आली होती मी, साहेबाच्या हातापाया पडून. आता सकाळपासून तुमचा आवाज ऐकून राहिली मी मोठ्या बाबांशी. आता जाता येते मला."

तिला इथं ठेवून घ्यायला मी बापाच्या स्लॅबला भोक पाडलं होतं. मनात आलं, म्हणावं, उद्यापासून दादाशी बोलणं बंद करतो, मग तर राहशील? अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. तिची बॅग माळ्यावर होती, ती काढून दिली.